नर्सिंग असोसिएट ते नोंदणीकृत परिचारिका : इंग्लंडमधील एक शिडी आणि तिच्यावर कोण चढते

रुग्णाला अंघोळ घालणारी, बेडपॅन देणारी, चादरी बदलणारी मावशी त्याच रुग्णालयात पुढे परिचारिका होऊ शकते का? आपल्याकडे हा प्रश्न विचारला तर लोक हसतील. वीस-पंचवीस वर्षे वॉर्डात काढलेल्या मावशीला रुग्णाचा चेहरा पाहूनच त्याचे काहीतरी बिनसले आहे हे कळते. पण ती निवृत्त होते ती मावशी म्हणूनच. तिच्या या जाणतेपणाची कुठे नोंद होत नाही, त्याला गुण मिळत नाहीत, की शिक्षणाचे तास म्हणून ते कुणी मोजत नाही.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर आता ‘हो’ असे आहे, निदान कागदावर. तिथे मदतनीस आणि नोंदणीकृत परिचारिका यांच्या मधोमध ‘नर्सिंग असोसिएट’ नावाची एक पायरी तयार झाली आहे. त्या पायरीवरून प्रौढ रुग्णांची नोंदणीकृत परिचारिका, म्हणजे तिथल्या भाषेत ‘ॲडल्ट नर्स’, होण्याचा मार्गही आखलेला आहे. ही व्यवस्था कशी चालते, कुणाला वर नेते आणि कुणाला मध्येच अडकवते, हे नर्सिंगकडे वळणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनी समजून घेण्यासारखे आहे. कार्यकर्त्यांनी तर जरूर समजून घ्यावे, कारण वरवर शिक्षणाचा वाटणारा हा प्रश्न मुळात कामाच्या वाटणीचा आहे.

पायरी कशी तयार झाली

इंग्लंडमधील मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयात रुग्णांची झालेली भयंकर हेळसांड उघडकीस आली आणि त्यावरील रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी कॅमिला कॅव्हेंडिश यांनी मदतनिसांच्या स्थितीचा वेगळा आढावा घेतला. रुग्णाच्या सर्वात जवळ जी माणसे असतात, जी त्याला भरवतात, उठवतात, धुतात, त्यांच्या प्रशिक्षणाला देशभर एकसारखे मोजमापच नाही, हे त्यातून पुढे आले. त्यांना वर जाण्याचा रस्ताही धड नव्हता. २०१५ च्या अखेरीस सरकारने मधली पायरी आणण्याचे जाहीर केले. जानेवारी २०१७ मध्ये पहिले हजार प्रशिक्षणार्थी दाखल झाले. २८ जानेवारी २०१९ रोजी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने, म्हणजे एनएमसीने, त्यांच्यासाठी अधिकृत नोंदवही उघडली.

याच काळात, २०१७ मध्ये, इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी बर्सरी बंद झाली आणि त्यांच्यावर शिक्षणकर्ज आले. परिचारिकांचा तुटवडा तर आधीपासूनच होता. त्यामुळे नर्सिंग असोसिएट हा स्वस्तात परिचारिका मिळवण्याचा मार्ग आहे, अशी टीका पहिल्या दिवसापासून झाली. ती अगदीच निराधार नव्हती. तिच्यामागे एक जुनी आठवण होती.

एनरोल्ड नर्सची आठवण

१९४३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये परिचारिकांची दुसरी यादी सुरू झाली. वरच्या यादीत तीन वर्षे शिकलेली ‘स्टेट रजिस्टर्ड नर्स’ आणि खालच्या यादीत दोन वर्षे शिकलेली, पुढे ‘स्टेट एनरोल्ड नर्स’ म्हणून ओळखली गेलेली परिचारिका. वरच्या अभ्यासक्रमाची मुलगी ‘स्टुडंट’ म्हणवली जाई, खालच्या अभ्यासक्रमाची ‘प्युपिल’. रात्रपाळी दोघींनाही, अंग मोडणारे कामही दोघींना. पण सिस्टर, मेट्रन या वरच्या जागांकडे जाणारा रस्ता फक्त एकीसाठी होता.

१९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाल्यावर कॅरिबियन बेटांतून हजारो मुली नर्सिंग शिकायला आल्या. त्यातल्या कितीतरी जणींना, वरच्या अभ्यासक्रमाची पात्रता असतानाही, खालच्या यादीकडे वळवण्यात आले. दोन यादींतला फरकच अनेकींना कुणी नीट सांगितला नव्हता. तो कळला तो मायदेशी परतायचा विचार केला तेव्हा, कारण एनरोल्ड नर्सची पात्रता तिकडे बऱ्याच ठिकाणी चालतच नसे. म्हणजे राहायचे तर खालच्या जागेवर राहायचे, आणि परत जायचे तर हातात काही न घेता जायचे. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कायद्यात कुठेही वर्णाचा उल्लेख नव्हता, तरी शिडीच्या कोणत्या पायरीवर कोणत्या रंगाची माणसे दिसतात, हे वॉर्डात शिरणाऱ्या कुणालाही दिसत होते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस परिचारिकांचे शिक्षण उच्च शिक्षणात नेण्याची योजना लागू झाली आणि एनरोल्ड नर्सचे प्रशिक्षण हळूहळू बंद झाले. आधीच काम करणाऱ्यांसाठी वरच्या यादीत जाण्याचे अभ्यासक्रम काढण्यात आले खरे, पण तोपर्यंत कित्येकींची उमेद आणि नोकरीची वर्षे सरत आली होती.

म्हणून २०१७ नंतर तिथल्या जाणत्या लोकांचा पहिला प्रश्न हाच होता की या वेळी वर जायचा रस्ता आहे का, आणि तो खरोखर उघडा आहे का.

फरक नेमका कशात आहे

नर्सिंग असोसिएट आणि परिचारिका यांच्यातला फरक ‘ही थोडे कमी शिकलेली, ती थोडी जास्त’ असा नाही. एनएमसीने दोघींसाठी जी क्षमतांची यादी केली आहे तिच्यातली क्रियापदे पाहिली की तो चटकन लक्षात येतो. असोसिएटकडून सेवा देणे आणि रुग्णावर लक्ष ठेवणे अपेक्षित आहे. परिचारिकेने गरजा ओळखायच्या, सेवेची आखणी करायची, ती दिल्यावर तिचे मूल्यमापन करायचे आणि नेतृत्व करायचे आहे.

उदाहरण घेऊ. समजा, मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी एक रुग्ण वॉर्डात आहे. सकाळी नर्सिंग असोसिएट त्याची नोंद घेते. श्वासाचा वेग मिनिटाला २२, ऑक्सिजन ९४ टक्के, नाडी १०४, ताप ३८.३ अंश सेल्सिअस, वरचा रक्तदाब ११८, आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर. इंग्लंडमध्ये या नोंदींना ‘न्यूज-२’ या पद्धतीने गुण देतात. श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, नाडीचा १, तापाचा १, बाकीच्यांचे शून्य, मिळून ५. एकटा कोणताही आकडा पाहिला तर घाबरण्यासारखा नाही. पण बेरीज ५ झाली की तातडीने वरिष्ठांना कळवायचे, असा नियम आहे. असोसिएट नोंद अचूक घेते, बेरीज करते, लगेच कळवते. हे काम छोटे नाही. कितीतरी रुग्णांचे प्राण याच एका पायरीवर वाचतात किंवा जातात.

आता परिचारिकेचे काम सुरू होते. हा जंतुसंसर्ग असेल का? टाका आतून सुटला असेल का? कालपासून पोट फुगले आहे का, लघवी किती झाली, वेदना वाढल्या आहेत का? डॉक्टरांना फोनवर काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे, आणि ते ‘बघू दुपारी’ म्हणाले तर त्यांच्याही वरच्याला फोन करायचा का? या रुग्णाकडे अधिक वेळ द्यायचा तर बाकीच्या सात जणांचे काम कुणाकडे सोपवायचे? संध्याकाळी मागे वळून पाहायचे की जे ठरवले ते लागू पडले का. आकडा तोच असतो, पण त्याच्यावरून काय करायचे हे ठरवण्याची जबाबदारी परिचारिकेवर येते. पुढचे सगळे प्रशिक्षण या एका बदलासाठी आहे.

आणि हा बदल फुकाचा नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा युरोपातील नऊ देशांवरचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. परिचारिकेच्या वाट्याला येणारा प्रत्येक अधिकचा रुग्ण शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढवतो, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले तर ती ७ टक्क्यांनी घटते, असा संबंध त्यात आढळला. तेव्हा असोसिएट ही परिचारिकेची बदली नव्हे. रुग्णालयाने तिला तसे वापरले तर नुकसान रुग्णाचे होते आणि तिचेही. जबाबदारी परिचारिकेची आणि पगार असोसिएटचा, असा तो व्यवहार होतो.

पुढचे शिक्षण कसे असते

परिचारिका होण्यासाठी एकूण ४,६०० तासांचे शिक्षण लागते. त्यातले निम्मे वर्गातले आणि निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेतले. नर्सिंग असोसिएटचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम किमान २,३०० तासांचा असतो. विद्यापीठ तिचे आधीचे शिक्षण नव्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहते आणि जुळेल तेवढे मान्य करते. पण एनएमसीच्या नियमाने ही सूट निम्म्याहून अधिक देता येत नाही. त्यामुळे उरलेले शिक्षण साधारण दीड ते दोन वर्षांत पुरे होते.

असोसिएटचे प्रशिक्षण सर्वसाधारण असते. प्रौढ, बालक, मानसिक आरोग्य, शिकण्यातील अक्षमता अशा सगळ्या क्षेत्रांची तिला तोंडओळख होते. परिचारिका होताना मात्र एक क्षेत्र निवडावे लागते. ॲडल्ट नर्सिंग निवडले म्हणजे फक्त मेडिसिन आणि सर्जरीचे वॉर्ड असे नाही. वृद्धांची सेवा, घरी जाऊन केलेली सेवा, मृत्यूच्या वाटेवरच्या रुग्णाची सेवा हे तर आलेच, शिवाय बाळंतपण, बालरोग आणि मानसिक आरोग्याचीही ओळख प्रौढांच्या परिचारिकेला व्हावीच लागते. औषधाच्या मात्रेच्या गणिताची परीक्षा असते आणि तिच्यात पास व्हायला १०० टक्के गुण लागतात. ९८ चालत नाहीत. मला हा नियम फार आवडतो, कारण दशांश चिन्ह एक घर सरकले तर रुग्णाला दहापट औषध जाते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. प्रत्यक्ष सेवेचे शिक्षण घेताना परिचारिकेची विद्यार्थिनी ड्यूटीवरच्या माणसांत धरायची नाही. वॉर्डात सहा माणसे हवी असतील तर ती सातवी. तिने शिकायचे, प्रश्न विचारायचे, देखरेखीखाली निर्णय घेऊन पाहायचे. तिचे मूल्यमापन करणारीही नोंदणीकृत परिचारिकाच हवी.

कागदावर सोपा वाटणारा हा नियम पाळणे अवघड आहे. ही बाई त्याच रुग्णालयात नोकरीला आहे. आठवड्यातले काही दिवस ती असोसिएट म्हणून काम करते आणि काही दिवस विद्यार्थिनी असते. कामाची घाई झाली, एक माणूस कमी पडले, की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. तिला सगळे काम येते ना? मग जरा हात लाव. ती लावतेही, कारण तिला सवय आहे आणि नाही म्हणणे तिला पटत नाही. असे पन्नास वेळा झाले की शिकण्याचे तास कामाच्या तासांत विरघळून जातात. पहिल्या वर्षाला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला हा त्रास कमी असतो, तिला कुणी एवढे गृहीत धरत नाही.

दुसरी अडचण सवयीची. अनुभवी असोसिएटचे हात वेगाने चालतात. तिला आता हात थांबवून विचार करायला शिकायचे असते. त्यात पदवीच्या पातळीचे लेखन, संशोधन वाचून त्यावर आपले मत मांडणे, आणि बहुतेकींच्या मागे घर, मुले, आईवडील. शाळा सोडून पंधरा वर्षे झालेली बाई रात्री अकराला निबंध लिहायला बसते, हे चित्र आपल्या वस्त्यांतल्या रात्रशाळा पाहिलेल्यांना अनोळखी वाटू नये.

पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा

एनएचएसमध्ये पगाराचे ‘बँड’ असतात. नर्सिंग असोसिएट चौथ्या बँडवर, नवी परिचारिका पाचव्या. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात चौथ्या बँडचा वार्षिक पगार २७,४८५ ते ३०,१६२ पाऊंड, तर पाचव्याचा ३१,०४९ ते ३७,७९६ पाऊंड आहे. सुरुवातीचा फरक डोळ्यांत भरणारा नाही. खरा फरक पुढे पडतो. पाचव्या बँडवरून वॉर्डची प्रमुख, तज्ज्ञ परिचारिका असे रस्ते फुटतात. चौथ्यावरून फारसे फुटत नाहीत.

वर जायचे दोन मार्ग आहेत. नोकरी सोडून विद्यापीठात प्रवेश घ्यायचा, कर्ज काढायचे आणि त्यासोबत वर्षाला किमान ५,००० पाऊंडांचे सरकारी अनुदान घ्यायचे, हा एक. घर चालवणाऱ्या बाईला तो बहुधा बंदच असतो. दुसरा मार्ग पदवी-अप्रेंटिसशिपचा. नोकरी राहते, पगार मिळतो, फी भरावी लागत नाही. एप्रिल २०१७ पासून ज्या संस्थांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पाऊंडांहून जास्त आहे त्यांच्याकडून त्यावरच्या रकमेवर ०.५ टक्का अप्रेंटिसशिप कर घेतला जातो, आणि त्यातून ही फी जाते.

पण त्या निधीतून फक्त शिक्षण आणि परीक्षेचा खर्च करता येतो. प्रशिक्षणार्थीचा पगार त्यातून देता येत नाही, की ती शिकायला गेल्यावर तिच्या जागी उभ्या राहणाऱ्या माणसाचाही नाही. ते पैसे रुग्णालयाने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचे. त्यामुळे एका असोसिएटला परिचारिका करायचे म्हणजे दीड-दोन वर्षे तिची कामाची माणसांतली जागा अर्धवट रिकामी ठेवून तिला पगार द्यायचा. रुग्णालय तंगीत असेल तर पहिली कात्री इथेच लागते. ‘या वर्षी जागा चारच’ असे सांगितले जाते. मग त्या चार जागांवर कोण, हे वॉर्डचे प्रमुख आणि व्यवस्थापन ठरवतात.

आणि इथे जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. एनएचएस २०१५ पासून स्वतःच्या नोकऱ्यांतील वांशिक विषमतेचे मोजमाप प्रसिद्ध करते. शेवटच्या यादीत आलेल्या उमेदवारांपैकी गोऱ्या उमेदवाराची निवड होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दीडपट, असे चित्र त्यात वर्षानुवर्षे दिसत आले आहे. हे आकडे त्यांनी स्वतः छापले, हे कौतुकाचे आहे. आपल्याकडे खासगी रुग्णालयांत कोणत्या पदावर कोणत्या समाजाची माणसे आहेत याची मोजणी करा असे म्हटले तरी गहजब होईल. पण मोजणी झाली म्हणून निवड आपोआप न्याय्य होत नाही.

जून २०२३ मध्ये एनएचएसने जाहीर केलेल्या मनुष्यबळ योजनेत तेव्हाच्या सुमारे ४,६०० नर्सिंग असोसिएटची संख्या २०३६-३७ पर्यंत ६४,००० वर नेण्याचे म्हटले होते. एवढ्या मोठ्या संख्येतल्या कितीजणींना वर जायला पगारी वेळ मिळणार, यावर ही एनरोल्ड नर्सचीच नवी आवृत्ती ठरणार की नाही हे अवलंबून आहे.

आपल्या तरुणांसाठी

आपल्याकडेही शिडी आहे. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. तिथे आधीच्या शिक्षणाला किंमत मिळते. एएनएमचे तसे नाही. उपकेंद्रात दहा वर्षे लसीकरण आणि बाळंतपणे केलेली एएनएम जीएनएमच्या प्रवेशाला पात्र ठरते, पण तिला तीन वर्षे पहिल्यापासून करावी लागतात. तिच्या दहा वर्षांतले किती तास मोजता येतील, हे ताडून पाहण्याची पद्धत आपल्याकडे नाही. नर्सिंगच्या संघटनांत काम करणाऱ्यांनी इंग्लंडकडून मागून घ्यावी अशी एक गोष्ट असेल तर ती ही.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र गल्लत करू नये. भारतात जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्या नोंदणीकृत परिचारिकेला इंग्लंडमध्ये नर्सिंग असोसिएट व्हायची गरज नाही. तिच्यासाठी एनएमसीचा वेगळा रस्ता आहे. इंग्रजीची आयईएलटीएस किंवा ओईटी परीक्षा, संगणकावरची एक परीक्षा आणि मग ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा. ती पास होऊन नोंदणी झाली की थेट पाचवा बँड. याउलट असोसिएटची अप्रेंटिसशिप मुख्यतः तिथे आधीपासून राहणाऱ्यांसाठी आहे. त्या निधीसाठी साधारणपणे तीन वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणजे ‘इथून असोसिएट म्हणून जा, तिकडे फुकट नर्स व्हा’ असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. ब्रिटनच्या भरती संहितेनुसार आरोग्य कर्मचाऱ्यांकडून भरतीसाठी पैसे घेता येत नाहीत, हेही एजंटसमोर बसताना माहीत असू द्या.

शिष्यवृत्तीबद्दलही नेहमी विचारणा होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे. असोसिएटचा किंवा तिथून परिचारिका होण्याचा अभ्यासक्रम तिच्यात बसत नाही. बी.एस्सी. नर्सिंग इथे करून पुढे एम.एस्सी.साठी अर्ज करायचा, असा तिचा उपयोग होऊ शकतो.

जे आधीच ब्रिटनमध्ये आहेत, नोकरीनिमित्त गेलेल्या जोडीदाराबरोबर किंवा मदतनीस म्हणून, त्यांच्यासाठी हा लेख जास्त कामाचा आहे. असोसिएटची जागा स्वीकारण्याआधी मुलाखतीतच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मागच्या तीन वर्षांत या रुग्णालयातून किती असोसिएट परिचारिका झाल्या? पुढच्या शिक्षणाच्या काळात पगार कोणत्या बँडवर राहतो? आणि शिकण्याच्या दिवशी वॉर्डात माणूस कमी पडले, तर तिला कामाला लावले जाणार नाही याची हमी लेखी मिळते का?